उतारवयातील घर : खाटेपासून शौचालयापर्यंतची वाट

भंडारा जिल्ह्याच्या दक्षिण टोकास लाखांदूर तालुका वसला आहे. वैनगंगेच्या काठचा हा प्रदेश धानाचा. चुलबंद नदी याच तालुक्यात वैनगंगेस मिळते. पश्चिमेस नदीपलीकडे चंद्रपूर जिल्ह्यातील ब्रह्मपुरी तालुका, तर दक्षिणेस गडचिरोली जिल्ह्यातील देसाईगंज म्हणजेच वडसा आहे. मृगाचा पाऊस झाला की पऱ्हे टाकावयाचे, आषाढात रोवणी करावयाची आणि दिवाळीच्या सुमारास धान कापणीस यावयाचे, या क्रमात येथील पिढ्यांनी आपले आयुष्य वेचले. चिखलात दिवस दिवस कंबर वाकवून ज्यांनी रोवणी केली, त्या स्त्रियांपैकी अनेकजणी आज साठी-सत्तरी ओलांडून गेल्या आहेत. त्यांचे गुडघे आणि पाठ हा त्या कष्टांचा हिशेब रोज मांडीत असतात. मुले शिक्षणासाठी व रोजगारासाठी नागपूर, पुणे, हैदराबाद अशा शहरांकडे गेली आहेत. घर, वाडी व चार गुरे सांभाळीत म्हातारी माणसे गावी राहिली आहेत.

आपली अखेरची वर्षे आपल्याच घरी, ओळखीच्या माणसांत जावीत, ही या वृद्धांची साधी इच्छा असते. ती पूर्ण होईल की नाही, हा प्रश्न बहुधा माया, मानपान आणि पैसा यांच्या अंगाने बोलला जातो. परंतु अनेक घरांत त्याचा निकाल वेगळ्याच ठिकाणी लागतो. मागील दाराची उंच पायरी, शेवाळलेली न्हाणी आणि सांदवाडीच्या टोकास असलेले शौचालय या तीन जागा वृद्धाला त्याच्या घरातून उठवितात. या जागा सुधारता येतात, आणि त्यासाठी घर पाडण्याची आवश्यकता नसते. खाटेपासून शौचालयापर्यंतची वाट प्रथम निर्धोक करावी, इतर सर्व सुधारणा त्यानंतर घ्याव्यात, हे या विषयाचे पहिले सूत्र मानावयास हरकत नाही.

वाढते वय, बदलते गाव

२०११ च्या जनगणनेनुसार देशातील साठ वर्षांवरील नागरिकांची संख्या दहा कोटींहून अधिक, म्हणजे लोकसंख्येच्या ८.६ टक्के होती. महाराष्ट्रात हेच प्रमाण ९.९ टक्के होते. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ मध्ये ४५ वर्षे व त्यावरील सुमारे ७२ हजार व्यक्तींची देशव्यापी पाहणी केली. तिचा अहवाल २०२१ साली प्रसिद्ध झाला. त्यात देण्यात आलेल्या अंदाजानुसार २०५० पर्यंत देशातील वृद्धांची संख्या ३१ कोटी ९० लाखांच्या घरात जाईल. आज जो चाळिशीत आहे, तोच त्या वर्षीचा वृद्ध होय. म्हणून घराच्या रचनेचा हा विचार केवळ आजच्या आजी-आजोबांपुरता मर्यादित राहत नाही.

वृद्धांच्या प्रश्नाची दखल जगाने गेल्या काही दशकांत घेतली. १९८२ साली व्हिएन्ना येथे वार्धक्यविषयक पहिली जागतिक परिषद भरली. १ ऑक्टोबर हा ज्येष्ठांचा आंतरराष्ट्रीय दिवस म्हणून १९९१ पासून पाळला जातो. १९९९ हे वर्ष ज्येष्ठांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून साजरे झाले आणि त्याच वर्षी भारत सरकारने ज्येष्ठ नागरिकांविषयीचे राष्ट्रीय धोरण जाहीर केले. निवृत्तिवेतन, औषधोपचार आणि संरक्षण यांविषयी त्यानंतर पुष्कळ काम झाले. वृद्ध ज्या घरात चोवीस तास वावरतो त्या घराच्या पायऱ्या, दारे आणि जमीन यांकडे मात्र अजून पुरेसे लक्ष गेलेले नाही.

जुन्या घराची रचना

लाखांदूर भागातील जुने घर मातीच्या जाड भिंतींचे आणि कवेलूंच्या छपराचे असते. पुढे सपरी, आत माजघर, एका अंगास स्वयंपाकाची जागा, मागे सांदवाडी आणि तिच्यात विहीर किंवा हातपंप, अशी त्याची सर्वसाधारण मांडणी असते. पावसाचे पाणी आत येऊ नये म्हणून जोते उंच घेतलेले असते. दारे बुटकी व अरुंद, उंबरठा उठावदार, जमीन शेणाने सारवलेली. हे घर हवामानास अनुरूप आहे. वैशाखातील उन्हाळ्यात ते थंड राहते आणि श्रावणातील झडीत कोरडे राहते.

तथापि हे घर धडधाकट माणसाने धडधाकट माणसासाठी बांधलेले आहे. दीड-दोन फुटांचे जोते दोन ढांगांत चढून जाणाऱ्याला त्याची उंची जाणवत नाही. गुडघे आखडले की तीच उंची अडसर होते. पूर्वी एकत्र कुटुंबात हात धरावयास कोणीतरी असे. आता रात्री घरात दोनच माणसे असतात आणि दोघेही वृद्ध असतात. घर तेच राहिले, पण घरातील मदतीचा हात कमी झाला. त्या हाताची जागा काही अंशी तरी घराच्या रचनेनेच भरून काढावयास हवी.

एका पडण्याची किंमत

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे पडल्यामुळे मृत्यू पावतात, आणि त्यांत साठीपुढील व्यक्तींचे प्रमाण सर्वाधिक असते. म्हातारपणी पडण्याची कारणे एकाहून अधिक असतात. मोतीबिंदूमुळे पायरीची कड दिसत नाही. अंथरुणातून एकदम उठल्यास रक्तदाब खाली येऊन भोवळ येते. रक्तदाबाच्या व झोपेच्या काही औषधांनी तोल जातो. रात्री लघवीला वारंवार उठावे लागते आणि उठल्यावर घाई होते. अशा वेळी वाटेत ओल, अंधार किंवा उंच पायरी असली की अपघात घडतो.

हाडे ठिसूळ झालेली असल्याने साध्या पडण्यानेही खुब्याचे हाड मोडते. त्यानंतर शस्त्रक्रिया, महिनोन्महिने अंथरूण, पाठीला होणारे व्रण आणि परावलंबन हा क्रम ठरलेला असतो. चालता-फिरता माणूस एका रात्रीत खाटेला खिळतो आणि मग त्याला मुलाकडे शहरात न्यावे लागते. गावातील घराला कुलूप लागते ते असे.

पडण्याच्या भीतीचा आणखी एक परिणाम आहे व तो सहसा बोलून दाखविला जात नाही. रात्री बाहेर जावे लागू नये म्हणून अनेक वृद्ध, विशेषतः स्त्रिया, सायंकाळनंतर पाणी पिणे टाळतात. त्यातून बद्धकोष्ठता, मूत्रमार्गाचे विकार व अशक्तपणा संभवतो; अशक्तपणाने पुन्हा तोल जातो. म्हणजे वाट बिकट असली की माणूस न पडताही आजारी होतो. पावसाळ्यात त्या वाटेवर साप-विंचवाचे भय असते, ते वेगळेच.

जोते उंच, पायरी सोपी

घरात वृद्ध आहे म्हणून जोते कमी उंचीचे घ्यावे, असा सल्ला या भागात देता येणार नाही. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेला आलेल्या महापुराचे पाणी जिल्ह्यातील नदीकाठच्या अनेक गावांत शिरले होते. नदीकाठी जोत्याची उंची हीच घराची सुरक्षितता असते. तेव्हा जोते उंचच ठेवून त्यावर चढण्याची रीत सोपी करावयास हवी.

ज्या अंगणात जागा आहे तेथे पायऱ्यांशेजारी उतार बांधावा. अडथळामुक्त बांधकामाच्या मानकांनुसार उताराचे प्रमाण बारास एक असावे. म्हणजे एक फूट उंची चढण्यासाठी बारा फूट लांबीचा उतार लागतो. दोन फुटांच्या जोत्याला या हिशेबाने चोवीस फूट लांबी हवी. एवढी सरळ जागा नसेल तर उतार घराच्या भिंतीला लागून काटकोनात वळवावा आणि वळणावर उभे राहण्याइतकी सपाट जागा सोडावी. जागेच्या अभावी आखूड व तीव्र उतार बांधू नये. तो ओला झाला की पायरीहून अधिक घातक ठरतो.

उतारास जागाच नसेल तेथे पायऱ्या बदलाव्यात. दोन फुटांचे जोते दोन उंच पायऱ्यांत चढण्याऐवजी सहा इंच उंचीच्या चार टप्प्यांत चढावे. प्रत्येक पायरी एक फूट रुंद असावी, म्हणजे संपूर्ण पाऊल तिच्यावर मावते. सर्व पायऱ्या सारख्याच उंचीच्या असाव्यात, कारण पाय सवयीने उचलला जातो आणि एखादी पायरी वेगळी असली की ठेच लागते. प्रत्येक पायरीच्या कडेवर चुन्याचा किंवा पिवळ्या रंगाचा दोन बोटे रुंद पट्टा ओढल्यास अंधुक दृष्टीलाही कड दिसते.

पायरीच्या दोन्ही बाजूंस कठडा हवा. त्याची उंची अडीच ते तीन फूट आणि नळीची जाडी सुमारे दीड इंच असावी, म्हणजे ती मुठीत नीट मावते. येथे एक दक्षता अगत्याची आहे. मातीच्या भिंतीत खिळे ठोकून बसविलेला कठडा माणसाचा भार पेलीत नाही. नेमक्या आधाराच्या क्षणी तो उपसून येतो. म्हणून नळीचे पाय जमिनीत फूट-दीड फूट खोल काँक्रीटमध्ये पुरावेत, अथवा कठडा घराच्या लाकडी खांबास आरपार बोल्टाने आवळावा. बसविल्यानंतर एखाद्या धट्ट्याकट्ट्या माणसाने त्याला लोंबकळून पाहावे आणि मगच तो वृद्धाच्या हाती द्यावा.

रात्रीची वाट

मागील दारापासून शौचालयापर्यंतची वाट सांदवाडीतून जाते. ती सपाट, अखंड आणि तीन फूट रुंद असावी. सिमेंटचा कोबा करावयाचा असल्यास तो घोटून गुळगुळीत करू नये. ओला असतानाच त्यावर खराट्याने आडवे ओरखडे काढावेत, म्हणजे पाय घसरत नाही. न्हाणीचे व भांड्यांचे सांडपाणी वाटेवरून वाहत असेल तर तेथे शेवाळ धरते. त्यासाठी शोषखड्डा करून पाणी वाटेपासून दूर न्यावे.

वाटेच्या एका बाजूने सलग आधार असावा. लोखंडी नळी परवडत नसेल तर या भागात विपुल मिळणारा पक्का बांबू जाड खुंटांवर बांधून चालतो. मात्र तो दरवर्षी पावसाळ्यापूर्वी तपासावा व किडलेला असल्यास बदलावा.

दिव्याचे बटण खाटेवरून हात पोचेल तेथे असावे. दारापाशी एक आणि शौचालयापाशी एक असे दोन दिवे असावेत. वीज गेल्यास उपयोगी पडावा म्हणून बॅटरीचा दिवा खाटेच्या उशाशी ठराविक खुंटीवर टांगलेला असावा. घरातील माणसांनी तो तेथून हलवू नये, हा नियम पाळला जाणे दिव्याइतकेच महत्त्वाचे आहे.

उंबरठ्याविषयी लोकांच्या मनात आदर असतो. तो काढून टाकण्याची आवश्यकता नाही. त्याच्या दोन्ही बाजूंस लाकडाची रुंद, उतरती पट्टी ठोकली की अडखळण्याचा धोका कमी होतो.

शौचालय व न्हाणी

२ ऑक्टोबर २०१४ रोजी सुरू झालेल्या स्वच्छ भारत अभियानातून ग्रामीण कुटुंबांना वैयक्तिक शौचालयासाठी १२ हजार रुपयांचे प्रोत्साहनपर साहाय्य देण्यात आले आणि गावोगावी शौचालये उभी राहिली. उघड्यावर जाण्याच्या त्रासातून स्त्रियांची व वृद्धांची सुटका झाली, हा त्याचा मोठा लाभ होय. या शौचालयांत बहुधा उकिडवे बसण्याचे भांडे असते. गुडघे आखडलेल्या माणसाला त्यावर बसणे जमले तरी उठणे जमत नाही. अशा वेळी भिंतीचा, नळाचा किंवा दाराचा आधार शोधला जातो आणि तो निसटतो.

यावर तीन उपाय आहेत. पहिला, भांडे तेच ठेवून त्यावर मध्ये भोक असलेली लोखंडी किंवा भक्कम प्लॅस्टिकची खुर्ची ठेवणे. दुसरा, भांडे काढून खुर्चीवजा कमोड बसविणे. त्याची बैठक सतरा ते एकोणीस इंच उंच असावी. तिसरा, अगदी थकलेल्या व्यक्तीसाठी खाटेजवळ रात्रीपुरती कमोड खुर्ची ठेवणे. या तिसऱ्या उपायाचा घरातल्या घरात संकोच वाटतो, हे खरे. परंतु झाकण असलेली व सकाळी धुतली जाणारी खुर्ची आणि भर पावसात अंधारातून केलेली खेप यांची तुलना केली, तर संकोच मागे पडतो.

कोणताही उपाय योजला तरी बसल्यावर हाताशी येईल असा एक आधार बाजूस आणि उठताना धरण्यासाठी एक समोर असावा. दार बाहेर उघडणारे असावे. आत माणूस पडला तर आत उघडणारे दार त्याच्याच अंगाने अडते आणि मदतीस आलेल्याला शिरता येत नाही. कडी बाहेरूनही काढता येईल अशी असावी.

न्हाणीत चकचकीत फरशी टाळावी. बसावयास स्थिर, चार पायांचे, पुरेशा उंचीचे स्टूल असावे. पाण्याचा नळ जमिनीलगत न ठेवता अडीच फूट उंचीवर घ्यावा, म्हणजे बादलीसाठी वाकावे लागत नाही आणि भरलेली बादली उचलावीही लागत नाही.

झोपण्याची व स्वयंपाकाची जागा

वृद्धाची खाट मागील दाराच्या व शौचालयाच्या वाटेच्या जवळ असावी. खाटेवर बसल्यावर दोन्ही पावले जमिनीला पूर्ण टेकली पाहिजेत. त्यासाठी सुमारे दीड फूट उंची योग्य होय. बाज सैल होऊन खाली आली असेल तर ती आवळून घ्यावी. जमिनीवर अंथरूण घालण्याची सवय असलेल्यांनीही पावसाळ्यात तरी खाटेवर, मच्छरदाणी लावून झोपावे. रात्री घरात शिरणाऱ्या मण्यारीसारख्या सापांपासून त्यामुळे संरक्षण मिळते. झोपेतून उठताना आधी क्षणभर बसावे, मग उभे राहावे आणि मग चालू लागावे, हा नियम घरातील सर्वांनी वृद्धाला आठवून द्यावा.

जमिनीवरील चुलीपुढे बसून उठणे ही गुडघ्यांची रोजची परीक्षा असते. चूल किंवा गॅसची शेगडी कमरेइतक्या ओट्यावर घ्यावी आणि शेजारी टेकावयास उंच स्टूल ठेवावे. रोज लागणारे डबे खांदा व कंबर यांच्या मधल्या उंचीवर असावेत. डबा काढण्यासाठी वृद्धाला पाटावर चढावे लागू नये.

नव्या घरकुलात आधीच विचार

मातीची घरे जाऊन पक्की घरे येत आहेत. प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) नोव्हेंबर २०१६ मध्ये सुरू झाली आणि २०२४ ते २०२९ या काळासाठी ती पुढे चालू ठेवण्यास केंद्र शासनाने मंजुरी दिली आहे. या योजनेतील घराचे किमान क्षेत्र स्वयंपाकाच्या जागेसह २५ चौरस मीटर, म्हणजे सुमारे २६९ चौरस फूट आहे. सपाट प्रदेशातील लाभार्थ्यास १ लाख २० हजार रुपयांचे मूळ साहाय्य निश्चित करण्यात आले होते.

असे घर कुटुंब आयुष्यात एकदाच बांधते. ते चाळीस-पन्नास वर्षे टिकावयाचे असते आणि बांधणारा त्याच घरात म्हातारा होणार असतो. म्हणून म्हातारपणाचा विचार जोते भरण्यापूर्वी झाला पाहिजे. दाराची चौकट तीन फुटांची घेतली तर पुढे चालण्याची चौकट किंवा चाकाची खुर्ची तिच्यातून सहज जाते. दोन फुटांच्या दारात सामान्य वॉकरही अडकतो. आरंभी रुंद चौकटीचा वाढीव खर्च अल्प असतो. बांधलेली भिंत फोडून दार रुंद करणे मात्र खर्चाचे व जिकिरीचे होते. शौचालय व न्हाणी घराला लागून, शक्य तर आतून दार ठेवून बांधावी. शोषखड्डे अर्थातच घराबाहेर व पिण्याच्या पाण्यापासून दूर असावेत. शौचालयाच्या भिंतीत आधाराची नळी पुढे बसविता यावी म्हणून त्या उंचीवर विटांऐवजी काँक्रीटचा पट्टा घालावा. जमीन एका पातळीत असावी. अंगणात उतारासाठी जागा राखून ठेवावी.

या प्रदेशातील पूर्वजांनी जमिनीचा उतार अचूक ओळखून तलाव बांधले. आज माजी मालगुजारी तलाव म्हणून ओळखले जाणारे हे जलाशय पिढ्यानपिढ्या धानाला पाणी देत आले आहेत. उताराचे हे शहाणपण येथील माणसाला नवे नाही. आता ते अंगणाच्या पायरीपर्यंत आणावयाचे आहे.

परदेशांतील अनुभव

अशा लहान सुधारणांनी खरोखर फरक पडतो काय, याची पाहणी न्यूझीलंडमध्ये झाली आहे. तेथील तारानाकी भागात ८४२ घरांची चिठ्ठ्या टाकाव्या तशी दोन गटांत विभागणी करण्यात आली. एका गटातील घरांत पायऱ्यांना कठडे, न्हाणीत आधाराच्या नळ्या, बाहेर दिवे, पायऱ्यांच्या कडांना पट्ट्या आणि घसरणार नाही असा पृष्ठभाग एवढीच कामे करण्यात आली. दुसऱ्या गटातील घरे काही काळ होती तशीच ठेवण्यात आली. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, दुरुस्त केलेल्या घरांत पडून होणाऱ्या दुखापतींचे प्रमाण २६ टक्क्यांनी कमी आढळले.

जपानने एप्रिल २००० पासून दीर्घकालीन शुश्रूषेची विमा योजना सुरू केली. तिच्यात पात्र वृद्धाच्या घरातील दुरुस्तीसाठी २ लाख येनपर्यंतचा खर्च ग्राह्य धरला जातो आणि त्यातील मोठा वाटा विम्यातून दिला जातो. कठडे बसविणे, पायऱ्यांचे उंचवटे काढणे, जमिनीचा पृष्ठभाग बदलणे, सरकते दार लावणे व खुर्चीवजा शौचकूप बसविणे ही त्यातील मान्य कामे होत. दोन्ही देशांची संपन्नता आपल्याहून अधिक आहे. परंतु कामांची यादी पाहिली तर ती लाखांदूरच्या मिस्त्रीला, सुताराला व लोहाराला करता येणार नाहीत अशी नाहीत.

शासकीय साहाय्य व कायदा

१ एप्रिल २०१७ रोजी राष्ट्रीय वयोश्री योजना सुरू झाली. तिच्यामार्फत गरजू ज्येष्ठांना काठी, वॉकर, चाकाची खुर्ची, श्रवणयंत्र, चष्मा, कवळी इत्यादी साधने शिबिरांतून विनामूल्य देण्याची तरतूद करण्यात आली. महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये मुख्यमंत्री वयोश्री योजना मंजूर केली. ६५ वर्षे पूर्ण केलेल्या व कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २ लाख रुपयांच्या आत असलेल्या पात्र ज्येष्ठांच्या बँक खात्यात एकवेळ ३ हजार रुपये जमा करण्याची तीत तरतूद आहे. साहाय्यक साधनांच्या यादीत घडीचा वॉकर, तिपाई काठी आणि कमोड खुर्ची यांचा समावेश असल्याने प्रस्तुत विषयाशी तिचा थेट संबंध येतो.

श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजनेखालील मासिक साहाय्य २०२३ मध्ये १,५०० रुपये करण्यात आले. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर वर्षे व त्यावरील सर्व नागरिकांना, उत्पन्नाची अट न ठेवता, आयुष्मान भारत योजनेखाली कुटुंबामागे वार्षिक ५ लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचा लाभ लागू करण्यात आला. मोडलेल्या हाडाचा उपचार त्यामुळे आवाक्यात आला. हाड मोडू नये म्हणून बसवावयाच्या कठड्याचा खर्च मात्र बहुधा कुटुंबालाच करावा लागतो, आणि मासिक दीड हजार रुपयांवर जगणाऱ्या वृद्धाला तो एकट्याने झेपत नाही. ज्या वृद्धांकडे दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आहे त्यांच्या बाबतीत ग्रामपंचायतीने दिव्यांग कल्याणासाठी राखून ठेवावयाच्या स्वउत्पन्नातील ५ टक्के निधीचा विचार ग्रामसभेत करता येईल.

आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांचा चरितार्थ व कल्याण अधिनियम, २००७ नुसार चरितार्थात अन्न, वस्त्र व औषधोपचार यांच्याबरोबर निवाऱ्याचाही समावेश होतो. सांभाळ करण्याच्या अटीवर मालमत्ता लिहून घेऊन नंतर सांभाळ न करणाऱ्याविरुद्ध न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते आणि ते हस्तांतरण रद्द ठरविता येते. ज्येष्ठांसाठी १४५६७ हा राष्ट्रीय साहाय्य क्रमांक उपलब्ध आहे. म्हाताऱ्या माणसाचा आपल्या घरात राहण्याचा हक्क कायद्याने मानला आहे. तो हक्क रोजच्या रोज बजावता येणे पायरीवर आणि दिव्यावर अवलंबून आहे.

कामांचा क्रम

सर्व सुधारणा एकाच वेळी करणे बहुतेक कुटुंबांना शक्य होणार नाही. त्यासाठी पुढील क्रम उपयुक्त ठरेल.

१. खाटेची जागा व उंची बदलणे, वाटेतील अडगळ काढणे, पायऱ्यांच्या कडांवर चुन्याचे पट्टे ओढणे. यास जवळजवळ खर्च नाही.

२. खाटेजवळ बटण, दारापाशी व शौचालयापाशी दिवा.

३. शौचालयात खुर्ची आणि हाताशी आधार. दार बाहेर उघडणारे करणे.

४. मागील दाराच्या पायऱ्या सहा इंचांच्या करणे आणि दोन्ही बाजूंस कठडा.

५. वाटेचा खरखरीत कोबा, सांडपाण्याचा शोषखड्डा आणि जागा असल्यास उतार.

काम काढण्यापूर्वी एक साधी पाहणी करावी. घरातील कर्त्या माणसाने रात्री दिवे मालवून वृद्धाबरोबर खाटेपासून शौचालयापर्यंत व तेथून परत चालून यावे. वृद्ध कोठे थांबतो, कोठे भिंत चाचपतो, कोठे श्वास रोखून पाय टाकतो, हे लक्षपूर्वक पाहावे. जेथे हात आधार शोधतो तेथेच आधार हवा. हे नेमके ठिकाण नकाशापेक्षा त्या वृद्धालाच अधिक ठाऊक असते. म्हणून त्याला विचारल्यावाचून एकही नळी बसवू नये.

गावाचा वाटा

या कामी गावाची साथ मोलाची आहे. आशा कार्यकर्ती घरोघरी जाते. कोणत्या घरात एकटे वृद्ध राहतात व कोण अलीकडे पडले, याची तिला माहिती असते. घरकुलांचे काम करणाऱ्या मिस्त्रींना पायरीची उंची, कठड्याची जाडी व दाराची रुंदी ही मापे एकदा सांगितली तर पुढील प्रत्येक घरात ती उतरतील. बचत गट, ज्येष्ठ नागरिक संघ आणि ग्रामपंचायत यांनी मिळून दरवर्षी १ ऑक्टोबरच्या निमित्ताने गावातील दहा-वीस घरांच्या वाटा जरी दुरुस्त करून दिल्या, तरी काही वर्षांत गावाचे रूप पालटेल.

दिवाळीला धान घरात येतो आणि बाहेरगावी असलेली मुलेही घरी येतात. आई-वडिलांसाठी लुगडे, धोतर व मिठाई आणण्याची आपली रीत आहे आणि ती चांगली आहे. त्या सुटीतील दोन दिवस आणि थोडे सिमेंट मागील दाराच्या पायरीसाठी राखून ठेवावे. सुटी संपवून मुलगा परत गेल्यावर रात्री आई उठेल तेव्हा त्याचा हात तेथे नसेल. त्याने बसविलेला कठडा असेल.